राजवाड्याबाहेरची टुटू

2000 साली अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आली आणि रत्नागिरी हे नाव हापूसशी काडीचाही संबंध नसलेल्या वाचकांपर्यंत जगभर पोचलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रत्नागिरीत टुटू वारली. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाची, थिबाची, ही नात. मराठी बोलणारी, मराठी माणसाशी लग्न केलेली, वयाची नव्वदी ओलांडलेली. लंडन-न्यूयॉर्कचा वाचक ज्या घराण्यासाठी हळहळत होता, त्याच घराण्यातली एक बाई त्याच वर्षी आमच्या गावात, आमच्यासारख्याच घरात शेवटचे दिवस काढत होती. कादंबरी आणि ती बाई, दोघींचा एकमेकींना पत्ता नव्हता.

मी रत्नागिरीचा. पुण्यात कोड लिहून पोट भरतो. ऑफिसात 'गाव कुठलं?' या प्रश्नाच्या उत्तरापाठोपाठ आंबा येतो, हे ठरलेलं. अलीकडे मात्र पुस्तकं वाचणारी, यूट्यूबवर इतिहास बघणारी मंडळी दुसराच प्रश्न विचारतात: 'ते बर्माच्या राजाचं ते तुमच्याकडेच ना?' हो, आमच्याकडेच. पण 'ते' म्हणजे नक्की काय? त्यात कोण येतं आणि कोण बाहेर राहतं? हे तपासायला मी तीन गोष्टी पुन्हा नीट वाचल्या. एक घोष यांची कादंबरी. दुसरं सुधा शाह यांचं 2012 मध्ये आलेलं 'द किंग इन एक्झाइल'. तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द थिबा राजवाडा. इमारत वाचायची कशी, असं कोणी म्हणेल. पण गाव आपली आठवण जिथे मांडून ठेवतं ते पुस्तकासारखंच वाचता येतं. काय ठळक छापलंय, काय तळटिपेत ढकललंय, काय छापलंच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हकिगत थोडक्यात. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. थिबा, राणी सुपयालत, तिचीच बहीण असलेली धाकटी राणी आणि मुली यांना आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. रत्नागिरीच का, तर इथून निसटणं अवघड. रेल्वे नाही, रस्ते खडतर, पावसाळ्यात समुद्र बंद. (कोकणातल्या ज्या दळणवळणाच्या नावाने आपण आजही बोटं मोडतो, तेच इंग्रजांना सोयीचं वाटलं.) थिबा इथे तीस वर्षं राहिला. त्यातली पहिली चोवीस वर्षं साहेबी बंगल्यांत गेली. राजवाडा तयार झाला 1910 मध्ये आणि डिसेंबर 1916 मध्ये राजा वारला. 1919 मध्ये उरलेलं कुटुंब ब्रह्मदेशात परत गेलं.

म्हणजे ज्या वाड्यावरून रस्त्याला, पॉइंटला, अख्ख्या परिसराला नाव पडलं, त्यात राजा जेमतेम सहा वर्षं राहिला. नावाचीही एक गंमत आहे. 'थिबा' हे मुळात गावाचंच नाव. शान प्रांतातलं जे गाव आज नकाशावर सिपॉ म्हणून दिसतं, त्याचं बर्मी नाव थिबॉ, आणि त्या गावावरून राजपुत्र ओळखला जायचा. गावाचं नाव माणसाला लागलं आणि समुद्र ओलांडून ते पुन्हा एका वस्तीला चिकटलं. रिक्षावाल्याला 'थिबा पॅलेस' म्हटलं की तो राजाचा विचार करत नाही, मीटर टाकतो.

आता टुटू. थिबाची थोरली राजकन्या आणि त्यांच्याकडचा दरवान गोपाळ सावंत यांचं जुळलं. गोपाळ विवाहित होता. 1906 मध्ये मुलगी झाली, ती टुटू. बाईसू हे तिचं दुसरं नाव. 1919 मध्ये राजकन्या लेकीला घेऊन बाकीच्यांबरोबर ब्रह्मदेशात गेली, पण तिथे टिकली नाही. थोड्याच काळात दोघी रत्नागिरीला परतल्या. राजकन्या 1947 मध्ये इथेच वारली. टुटूने इथेच संसार केला, मुलं वाढवली, गरिबी काढली. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण धावू लागली तेव्हाही ती होती. रेल्वे नाही म्हणून ज्या गावात आजोबांना डांबलं, त्या गावात रेल्वे आलेली तिने पाहिली.

घोष यांच्या कादंबरीतला रत्नागिरीचा भाग मी कॉलेजात असताना वाचला तेव्हा हरखून गेलो होतो. आपलं गाव इतक्या मोठ्या कादंबरीत! पुन्हा वाचतानाही त्यातली एक प्रतिमा मला फार मोठी वाटते. राजा टेकडीवरच्या घरातून दुर्बीण लावून समुद्र बघत बसतो, आणि गावात समज पसरतो की होड्या परत आल्या की सगळ्यात आधी कळतं ते राजाला. कैदी वर बसून गावाकडे बघतोय, गाव खालून कैद्याकडे बघतंय, आणि दोघांमध्ये एक विचित्र नातं तयार होतंय. वस्तीची आठवण कशी जन्मते हे यापेक्षा चांगलं दाखवता येणार नाही.

पण त्या भागात मन कोणाकोणाला आहे ते मोजून बघा. राजा, राणी, दासी डॉली, बंगाली कलेक्टर, त्याची बायको उमा. सगळे बाहेरून आलेले. स्थानिक माणसांपैकी लक्षात राहण्याइतपत उभा राहतो तो सावंत, कादंबरीतला कोचमन. प्रत्यक्षातल्या दरवानाला घोष यांनी बग्गीवर बसवलं, त्याबद्दल तक्रार नाही, कादंबरीकाराला ती मुभा आहे. माझी तक्रार अशी की या सावंताला काम एकच आहे: राजकन्येला दिवस जावेत आणि त्यातून कलेक्टरच्या बंगल्यात वादळ उठावं. त्याला घरी काय वाटलं, आळीत लोक काय बोलले, इकडे कादंबरी वळत नाही. राजाच्या मुली मराठी शिकतात असं घोष सांगतात, पण ती मराठी आपल्या कानावर पडत नाही. आणि ते मूल? ते कलंक म्हणून येतं, परिणाम म्हणून येतं, माणूस म्हणून मोठं होत नाही. कादंबरीला मलायातल्या रबराच्या मळ्यांकडे, दुसऱ्या महायुद्धाकडे, आझाद हिंद सेनेकडे जायचं आहे. रत्नागिरी तिच्यासाठी बोट थांबते ते बंदर. बोट सुटते आणि आपण धक्क्यावर राहतो.

सुधा शाह नेमक्या या धक्क्यावर उतरल्या. घोष यांची कादंबरी वाचून त्यांना प्रश्न पडला की या कुटुंबाचं पुढे खरोखर काय झालं, आणि त्या शोधात काही वर्षं घालवून त्यांनी 'द किंग इन एक्झाइल' लिहिलं. राजा मेल्यावर हे पुस्तक संपत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी ताकद. थिबाबद्दलचं बहुतेक लेखन मंडाले पडताना सुरू होतं आणि रत्नागिरीतल्या कबरीपाशी थांबतं. शाह चारही राजकन्यांच्या मागे जातात. दुसरी राजकन्या पळून जाऊन लग्न करते, कालिंपाँगला राहते. चौथीचं कुटुंब ब्रह्मदेशात पुन्हा इंग्रजांच्या संशयात सापडतं आणि मौलमेनला पाठवलं जातं. आणि थोरलीच्या मागे जाता जाता शाह टुटूपर्यंत पोचतात. तिचं शेणी थापणं, तिची कागदी फुलं, तिचा पसारा. वाचताना पहिल्यांदाच वाटतं की ही गोष्ट आपल्या बाजूला घडली.

इथे माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. सर्व्हरचे लॉग वाचताना नवखा माणूस समजतो की लॉगमध्ये जे नाही ते घडलंच नाही. प्रत्यक्षात लॉग एवढंच सांगतो की लिहिणाऱ्याला कशाची काळजी होती. थिबा हा ब्रिटिश सरकारचा असाच काळजीचा विषय होता. त्याचा भत्ता, त्याची कर्जं, दागिन्यांची विक्री, व्हाइसरॉयला केलेले अर्ज, सगळ्याची फाइल आहे. या फायली शाह यांनी कमालीच्या चिकाटीने वाचल्यात आणि त्यातून राजा असा उभा राहतो की त्याची दया येते आणि रागही येतो. भत्ता पुरत नाही म्हणून रडायचं आणि हातात आला की उधळायचा. पण टुटूची काळजी सरकारला नव्हती. तिच्याबद्दल फाइल नाही, माणसं आहेत. शेजारी, नातलग, लहानपणी तिला पाहिलेले. पुस्तकाचा हा भाग लोकांच्या बोलण्यावर उभा आहे.

आणि माझी खरी अडचण इथेच आहे. शाह ही बोलणी कोणाची ते सांगतात, प्रामाणिकपणे सांगतात. पण फाइलमधली नोंद आणि ओसरीवरची आठवण त्यांच्या गद्यात एकाच संथ, सभ्य सुरात येतात. कारकून खोटं लिहितो तेव्हा त्याला एक कारण असतं. शेजारीण आठवण फुलवते तेव्हा वेगळं कारण असतं: प्रेम, अपराधीपणा, कधी पाहुणीला खूश करणं. हा फरक आवाजात कळतो. इंग्रजीत गेल्यावर तो आवाज राहत नाही. रत्नागिरीचं बोलणं कसं असतं ते ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. आमच्याकडे एखाद्याबद्दल 'बरी होती बिचारी' असं म्हणतात तेव्हा त्या 'बिचारी'त किती घालायचं हे सूर ठरवतो. दया असू शकते, हेटाळणी असू शकते, 'आता हा विषय पुरे' असंही असू शकतं. शाह यांच्या पुस्तकात या 'बिचारी'चं जे झालं असेल ते इंग्रजी वाक्य बिनचूक असेलही. पण ते पुन्हा मराठीत आणलं तरी मूळ सूर परत येत नाही, कारण तो कागदावर उतरलेलाच नव्हता. माझ्या आजीला मी टुटूबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'आपल्यातलीच झालेली ती.' 'झालेली'. तीत नव्हती मूळची, हेही आलं, आणि पुढे झाली, हेही आलं. कोणी केली, ती स्वतः झाली की आम्ही मोठ्या मनाने करून घेतली, हे मात्र त्या क्रियापदात सोयीस्करपणे झाकलेलं आहे.

कारण गावाचीही एक आवडती आवृत्ती आहे. 'परक्या राजाला रत्नागिरीने सांभाळलं.' भाषणांत, पुरवण्यांत हे वाक्य हटकून येतं. सांभाळलं ते सरकारने, कैदी म्हणून. गावाशी राजाचे संबंध होते ते नोकराचे, दुकानदाराचे, सावकाराचे. त्यात माणुसकी नव्हती असं मी म्हणत नाही. पण सांभाळण्याची खरी परीक्षा राजाच्या वेळी नव्हतीच. ती होती राजकन्या आणि तिची लेक नोकर, राजवाडा सगळं मागे टाकून याच गावात परत आल्यावर. त्या परीक्षेबद्दल आम्ही फारसं बोलत नाही, त्याऐवजी 'राजकन्या आणि दरवान' अशी प्रेमकथा सांगतो. त्या प्रेमकथेत गोपाळच्या आधीच्या बायकोसाठी एक ओळही नसते. राजघराण्याने राजकन्येला दूर केलं म्हणून डोळे पुसणाऱ्यांना या दुसऱ्या घरात काय झालं असेल हे विचारावंसं वाटत नाही, कारण ते घर आपल्यासारखंच आहे आणि तिथलं उत्तर आपल्याला माहीत आहे.

आता राजवाडा. इमारत देखणी आहे यात वाद नाही. तीन मजले, उतरती छपरं, अर्धगोल लाकडी खिडक्या, आणि परिसरातून दिसणारी भाट्याची खाडी. आत पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. जानेवारीत आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव याच आवारात होतो आणि थंडीत खुर्चीवर शाल गुंडाळून बसून तिथे ऐकलेलं गाणं मी कुठल्याही सभागृहाशी बदलणार नाही. या महोत्सवाने एका मरगळलेल्या सरकारी इमारतीत जीव आणला. पण वाडा बघून बाहेर पडणारा पाहुणा सोबत काय नेतो? राजा, त्याचं दुर्दैव, सागवान, सूर्यास्ताचा फोटो. टुटूचं नाव त्याच्या कानावर पडलंच तर रिक्षावाल्याकडून.

असंच असायला पाहिजे असं नाही. डब्लिनमध्ये हेन्रिएटा स्ट्रीटवर 14 नंबरचं एक घर आहे. अठराव्या शतकात उमरावांसाठी बांधलेलं. पुढे श्रीमंत निघून गेले, घराच्या खोल्या पाडल्या आणि ती एक चाळ झाली. 1911 च्या जनगणनेत त्या एका घरात 100 माणसं राहत होती. 2018 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं तेव्हा करणाऱ्यांनी फक्त उमरावाचं दिवाणखान्यासकट घर सजवून ठेवलं असतं तर पर्यटक तितकेच आले असते. त्यांनी चाळीतल्या लोकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना बोलावलं, त्यांच्या आठवणी घेतल्या, आणि आज ते घर दाखवताना दोन्ही आयुष्यं दाखवतात. छताच्या नक्षीखाली एकाच खोलीत अख्खं कुटुंब कसं झोपायचं तेही. डब्लिनला हे जमलं त्याच्या मागे केव्हिन कर्न्स यांच्यासारख्यांचं आधीचं काम होतं. त्यांनी चाळकऱ्यांची बोलणी गोळा करून 1994 मध्ये त्याचं पुस्तक केलं. आधी आवाज जमले, मग इमारत बोलायला लागली. आमच्याकडे इमारत उभी आहे आणि तिच्या मागचे आवाज संपत चाललेत.

त्या जागेवर दावा सांगायला मात्र मोठी माणसं येतात. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या कबरीवर आले. 2016 मध्ये राजाच्या मृत्यूला 100 वर्षं झाली तेव्हा ब्रह्मदेशातले वंशज आले, भिक्खू आले, उपराष्ट्राध्यक्ष मिंट स्वे आले आणि लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंगही आले. शिवाजीनगरच्या त्या कबरीपुढे नतमस्तक झालेल्या याच सेनापतीने फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्या देशातली सत्ता बळकावली, आणि मिंट स्वे यांना हंगामी राष्ट्राध्यक्ष करून बसवलं. इंग्रजांनी पळवलेला राजा हा त्यांच्या कामाचा आहे. परक्यांनी देश लुटला, आता देशाचे राखणदार आम्ही, असं सांगायला तो उपयोगी पडतो. शेणी थापणारी नात कुठल्याच सेनापतीच्या कामाची नाही. आणि खरं सांगायचं तर पर्यटन खात्याच्याही नाही.

मग काय करायचं, टुटूच्या घरावर पाटी लावायची? मला ते नको वाटतं. टिळक आळीत टिळकांच्या जन्मघरावर पाटी आहे, ती असायलाच हवी. पण टुटूचे वंशज आज गावात आपापली कामं करत जगणारी साधी माणसं आहेत. पत्रकार, डॉक्युमेंटरीवाले, आमच्यासारखे हौशी, सगळ्यांना त्यांनी पुरेसं सहन केलंय. त्यांच्या चेहऱ्यात बर्मी डोळे शोधणाऱ्या बातम्या मला वाचवत नाहीत. आठवण जपायची म्हणून कोणाच्या दारात सेल्फीची रांग लावण्यात अर्थ नाही. म्हणून मला वाड्यातली एखादी खोली बरी वाटते. जिथे राजा राहिला ती सहा वर्षं आणि जिथे टुटू राहिली ती नव्वद वर्षं यांचं प्रमाण निदान भिंतीवर तरी दिसेल. आणि त्या खोलीत वस्तूंपेक्षा आवाज हवेत, मराठीत, जसे बोलले तसे. इंग्रजी खाली लिहा.

हे काम कोणी संशोधक मुंबईहून येऊन करेल याची वाट बघण्यात हशील नाही. शाह आल्या, त्यांनी त्यांचं काम केलं, आणि आमच्यापैकी अनेकांपेक्षा जास्त केलं. टुटू गेली तेव्हा चाळिशीत असलेली शेजारीण आता पासष्टीच्या पुढे आहे. तिच्याकडे बसायला फोन पुरतो, रेकॉर्डरचं बटण सगळ्यांच्या फोनवर आहे. प्रश्नही भारी नकोत. ती कुठल्या दुकानात उधारी ठेवायची. सणाला काय करायची. रागावली की कुठल्या भाषेत रागवायची. आणि थिबा गेला तेव्हा ती दहा वर्षांची होती, म्हणजे तो तिला आठवत असणार. त्याच्याबद्दल बोलताना ती काय म्हणायची: राजा, आजोबा, की आमच्यासारखंच नुसतं थिबा?